आईबाबांना घेऊन युकातान : माया अवशेष आणि जुनी स्पॅनिश शहरं, आखणीत मदत हवी

मुक्ता_जर्सी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण या वेळी धागा काढण्यावाचून गत्यंतर नाही.

आईबाबा सांगलीहून आलेत. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, मंदिरं झाली. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, त्यांना आता "ती माया लोकांची पिरॅमिडं" बघायची आहेत. त्यांनी यूट्यूब बघून वहीच्या पाठकोऱ्या पानावर मार्ग काढलाय : मेक्सिकोत कान्कुनला उतरायचं, चिचेन इत्सा, उश्माल, पालेन्के, सान क्रिस्तोबाल, तिथून ग्वाटेमालात आंतिग्वा आणि तिकाल, वेळ उरला तर होन्डुरासमधलं कोपान. हातात दिवस दहा. ऑक्टोबर संपता संपता निघायचं असं डोक्यात आहे.

आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. गुडघे दोघांचेही कुरकुरतात. आईबाबांकडे अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आहे. आम्ही दोघं एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), माझा पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टँप ताजा आहे, नवऱ्याचा संपलाय (मुदतवाढ मंजूर झाली आहे, कागद हातात आहे).

बाबांचा मार्ग दहा दिवसांत बसेल का? नसेल तर काय गाळू? आणि त्यांना ते सांगायचं कसं?

---

पायपीट

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. :)

बाकीचं सांगतो. दहा दिवसांत तीन देश म्हणजे बाबांना पिरॅमिडपेक्षा बसस्टँड जास्त दिसतील. नकाशावर पालेन्के आणि सान क्रिस्तोबाल जवळ वाटतात. दोनशेच्या आसपास किलोमीटर, पण सगळा घाट, आणि ओकोसिंगोवरून जाणाऱ्या त्या रस्त्यावर मधेच दोरी आडवी धरून पैसे मागणारे नाके लागतात. ग्वाटेमालाच्या सीमेकडचा चियापास राज्याचा पट्टा गेल्या काही वर्षांत टोळ्यांच्या मारामारीमुळे आणखी बेभरवशाचा झालाय. तरुण असताना पाठपिशवी घेऊन जायला ठीक. आईबाबांना घेऊन मी तरी जाणार नाही.

एकच प्रदेश धरा. युकातान राज्य आणि फार तर शेजारचं कांपेचे. मेरिदात मुक्काम टाकायचा, तिथून उश्माल आणि इसामाल. मग वायादोलिदला हलायचं, तिथून चिचेन इत्सा. आणि कान्कुनला उतरूच नका. ह्यूस्टन, डॅलस, मायामीहून मेरिदाला थेट विमानं आहेत.

---

ह्यूस्टनचे काका

मुक्ता, पर्यटनाचं नंतर. आधी नवऱ्याच्या कागदांचं बघ, कारण तुझा मार्ग तिथेच ठरणार आहे.

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोत जाताना अमेरिकेचा वैध व्हिसा असला तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणजे तू आणि आईबाबा मोकळे. नवऱ्याचा स्टँप संपलेला आहे, मुदतवाढीचा कागद म्हणजे व्हिसा नव्हे. त्याला मेक्सिकन वकिलातीतून व्हिसा काढावा लागेल. अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो, आजच बघा.

परत येताना संपलेल्या स्टँपवर अमेरिकेत घेतात का? मेक्सिको किंवा कॅनडात तीस दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्यांसाठी तशी सोय आहे, 'ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन' म्हणतात तिला. वैध आय-९४ (अमेरिकेत प्रवेश दिल्याची नोंद) जवळ हवा आणि त्या फेरीत नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. पण ही सोय लागून असलेल्या देशांपुरती आहे. ग्वाटेमालात पाऊल टाकलं की संपली, मग तिकडूनच स्टँप करून यावं लागेल. म्हणजे आंतिग्वा आणि तिकाल या वेळी तुमच्यासाठी बाद. बाबांना सांग, अमेरिकन सरकारने गाळलं. तुझ्या डोक्यावर येणार नाही.

विमानतळावर चेक-इनच्या माणसाला हा नियम माहीत असेलच असं नाही. सरकारी संकेतस्थळावरचं पान छापून जवळ ठेवा आणि कंपनीच्या वकिलाला एक मेल टाकून लेखी उत्तर घ्या.

---

मुक्ता_जर्सी

काका, साष्टांग दंडवत! हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. नवऱ्याने वकिलातीची अपॉइंटमेंट शोधायला घेतली आहे.

बाबांना ग्वाटेमाला गेल्याचं सांगितलं. "बरं," म्हणाले आणि वहीत तिकालभोवती चौकट करून 'पुढील वेळी' लिहिलं. पालेन्केवर मात्र अडून बसलेत. पाकाल राजाची शवपेटी म्हणे.

---

खवट_म्हातारा

पालेन्के सोडू नका. बाकी सगळं सोडा. चिचेन इत्सा म्हणजे फेरीवाल्यांचा बाजार झालाय, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तेच लाकडी मुखवटे आणि जग्वारसारखं गुरगुरणाऱ्या शिट्ट्या. तुमची ती कॉलोनियल शहरं म्हणजे एक चौक, एक चर्च आणि रंग दिलेल्या भिंतीपुढे उभं राहून फोटो काढणाऱ्या पोरी. दीड तासात आटपतं.

पालेन्केला डोंगर आहे, जंगल आहे, पाणी आहे. पाकालने इ. स. ६१५ ते ६८३ राज्य केलं. 'शिलालेखांच्या मंदिरा'च्या पोटात त्याची कबर आहे हे १९५२ सालापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. आल्बेर्तो रुस या पुरातत्त्वज्ञाला जमिनीच्या फरशीत भोकं दिसली, फरशी उचलली तर खाली दगडमातीने भरलेला जिना. तो उपसायला काही वर्षं गेली. इतिहासाच्या शिक्षकाला हे नाही दाखवायचं तर काय, मुखवटे?

---

पायपीट

म्हातारबुवा, मुद्दा मान्य. पण ती मूळ कबर आता पर्यटकांना बघता येत नाही. मंदिर बाहेरून बघायचं आणि शवपेटीची प्रतिकृती तिथल्याच संग्रहालयात. शिवाय पालेन्के चढउताराचं, दमट. मेरिदाहून जाऊन येऊन दोन दिवस मोडतात.

चिचेनच्या फेरीवाल्यांवर मात्र उपाय आहे. दार सकाळी आठला उघडतं, साडेसातला रांगेत उभं राहायचं. कान्कुनच्या बसगाड्या दहाच्या पुढे येऊन ओततात. तोवर तुमचं बघून झालेलं असतं आणि निम्म्या फेरीवाल्यांनी माल मांडलेलाही नसतो. म्हणून तर वायादोलिदला राहायचं, तिथून चिचेन पंचेचाळीस किलोमीटर. रविवार टाळा, त्या दिवशी मेक्सिकन लोकांना प्रवेश फुकट असतो आणि अख्खं गाव डबे घेऊन येतं.

चढायचं म्हणाल तर 'एल कास्तियो'वर (तिथला मुख्य पिरॅमिड) २००६ पासून कुणालाच चढू देत नाहीत. गुडघ्यांचा प्रश्न सरकारनेच सोडवलाय. जमीन सपाट आहे. चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून ३६५, हा हिशेब बाबांना खालूनही करता येईल. उत्तरेच्या जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवा. पायऱ्यांवरून परत येणारा आवाज टाळीचा राहात नाही, पाखराची चिरकी शीळ होते. क्वेत्झाल पक्षी असाच ओरडतो म्हणतात. त्यांनी मुद्दाम तसं बांधलं की योगायोग, यावर भांडणं आहेत.

---

कैरीचं पन्हं

आईंच्या खाण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्या कांदालसूणही न खाणाऱ्या. उपाशी नाही राहिल्या!

धोका मांसाचा नाही, तो दिसतो तरी. धोका न दिसणाऱ्या गोष्टींचा. काळ्या घेवड्याचं दाट वरण असतं, त्यात बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. लिंबाचं सूप म्हणून जे येतं तेही कोंबडीचंच. त्यामुळे "शाकाहारी आहे" एवढ्याने भागत नाही. चार शब्द पाठ करून जा : 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका, सिन काल्दो'. मांस नको, कोंबडी नको, चरबी नको, रस्सा नको. 'सिन उएवो' जोडा, अंडं नको. मी हे स्पॅनिशमध्ये ठळक छापून घेतलं होतं, सासूबाई वेटरला कागदच दाखवायच्या.

काय मिळतं? मक्याच्या ताज्या तोर्तिया. कोपऱ्याकोपऱ्यावर तोर्तियाची गिरणी असते, किलोवर विकतात, कागदात गुंडाळून देतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्यामुळे भाकरीला येणार नाही असा वास त्याला येतो. 'सिकिल पाक' म्हणजे भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, टोमॅटो, कोथिंबीर यांची चटणी. सासूबाईंनी कृती लिहून आणली, आता आमच्याकडे ती थालीपिठाबरोबर होते. निवडुंगाच्या पानांची भाजी, ग्वाकामोले, भाजलेली केळी. 'चाया' नावाचा पाला असतो, त्याचं अननस घालून सरबत करतात, ते प्याच. संध्याकाळी चौकात 'मार्केसिता'ची गाडी लागते, कुरकुरीत वेफरमध्ये एदाम चीज किसून गुंडाळतात. पिठात अंडं असतं, तेवढं आईंना सांगा. 'पापादसुलेस' शाकाहारी म्हणून पुढे करतील, आत उकडलेलं अंडं असतं.

हाबानेरो मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत येतो. तिखट खाणाऱ्या सांगलीकरांनीही आधी चमच्याच्या टोकावर घ्यावा.

मेरिदात एक किचन असलेली जागा घ्या. कुकर मात्र नेऊ नका, आम्हाला कस्टमवाल्याने त्याच्यावरून बराच वेळ उभं केलं.

---

पणजीपल्याड

वर खवट आजोबांनी शहरांना "एक चौक, एक चर्च" म्हटलं म्हणून लिहायला बसलो. आजोबा, रागावू नका.

मेरिदा १५४२ साली फ्रान्सिस्को दे मोन्तेहो (धाकटा) याने वसवलं. वसवलं म्हणजे तिथे 'तिहो' नावाचं माया शहर होतं, त्याच्यावर. मोठमोठे चौथरे होते ते पाडले आणि त्याच दगडांत घरं, चर्च बांधली. मुख्य चौकाच्या दक्षिणेला मोन्तेहोचं घर अजून आहे, आत बँकेचं संग्रहालय आहे, फुकट बघता येतं. दारावरचं कोरीवकाम नीट बघा. दोन्ही बाजूंना चिलखत घातलेले, भाले घेतलेले स्पॅनिश शिपाई, आणि त्यांच्या बुटांखाली ओरडणारी मुंडकी. जिंकलेल्या माणसाने स्वतःच्या घराच्या दारावर हे कोरून घेतलंय, आणि समोर बाकावर लोक आईसफ्रूट खात बसलेले असतात.

चौकाच्या पूर्वेचं कॅथेड्रल १५६१ ते १५९८ मधलं. आमच्या जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचं काम १५६२ला सुरू झालं. म्हणजे जगाच्या दोन टोकांना एकाच दशकात हे चाललं होतं. गोव्यात इन्क्विझिशन (धर्मद्रोहाची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय) १५६०ला आलं. इकडे १२ जुलै १५६२ रोजी मानी नावाच्या गावात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने मायांच्या मूर्ती आणि पोथ्या जाहीरपणे जाळल्या. मायांच्या लिपीतल्या पोथ्या आज सगळ्या मिळून चारच उरल्यात.

आता गंमत (गंमत कसली म्हणा). याच लांदाने नंतर युकातानवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात माया 'मुळाक्षरं' म्हणून एक तक्ता दिला. तो चुकीचा म्हणून पंडितांनी बाजूला टाकला होता. १९५२ साली युरी क्नोरोझोव या रशियन संशोधकाने दाखवलं की ही अक्षरं नसून उच्चारखंड आहेत, साधारण आपल्या बाराखडीतल्या क, कि, कू सारखे. तिथून लिपी उलगडत गेली. पोथ्या जाळणाऱ्याच्याच वहीतून.

बाबांना मेरिदाबरोबर इसामाल दाखवाच. सत्तर किलोमीटर. लांदा तिथल्याच मठात होता. सगळं गाव पिवळ्या रंगाचं, मधे सान आन्तोनिओ दे पादुआचा मठ, आणि तो मठ एका माया पिरॅमिडच्या चौथऱ्यावर उभा आहे. उताराने वर चढून कमानींच्या प्रचंड अंगणात पोचलात की उत्तरेला किनिच काक मो हा दुसरा पिरॅमिड झाडांच्या वर डोकं काढून दिसतो, तो पाडायचा राहून गेलेला. देऊळ आणि चर्च एका नजरेत. हे बघायला तिकीटही नाही.

म्हणून माझं म्हणणं, शहरं आणि अवशेष असे वेगळे दिवस पाडूच नका. इथे ते एकमेकांच्या अंगावर आहेत.

---

खवट_म्हातारा

पणजीवाले, इसामाल मी पाहिलं नाही. बाकी जाऊ द्या, मोन्तेहोच्या दाराचा मुद्दा पटला. मी तिथे पैसे काढायला गेलो होतो, वर बघितलंच नाही.

---

कातळकडा

माझा विषय दगड, त्यामुळे थोडं अवांतर.

युकातानच्या उत्तरेला एकही नदी नाही. सगळा चुनखडक, पाणी थेट खाली मुरतं. त्याने पोखरलेल्या गुहेचं छत कोसळलं की खालचं पाणी उघडं पडतं, तो सेनोते. हे सेनोते नकाशावर मांडले तर त्यांचा एक अर्धगोल दिसतो, आणि तो ज्याच्या कडेने आहे ते चिक्शुलूबचं विवर. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जो अशनी पडला आणि ज्याने डायनोसॉर संपवले असं मानतात, ते हे ठिकाण. व्यास सुमारे १८० किलोमीटर, अर्धं समुद्राखाली. वर काहीच दिसत नाही, कारण त्यावर नंतर चुनखडकाचे थर बसले. मेरिदात फिरताना तुम्ही विवराच्या आत असता.

आणि त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? दख्खनचा लाव्हा. सह्याद्रीचा काळा कातळ त्याच सुमाराचा. डायनोसॉर कुणी मारले, युकातानच्या दगडाने की आपल्या लाव्ह्याने, की दोघांनी मिळून, हा वाद अजून भूशास्त्रज्ञांत चालतो. सध्या पारडं युकातानकडे झुकलेलं आहे. बाबांना मेरिदात उतरल्यावर हे सांगा, पालेन्के विसरतील.

उश्मालला सेनोतेही नाहीत. पुऊक टेकड्यांत पाणी खूप खोल. तिथल्या लोकांनी जमिनीत बाटलीच्या आकाराच्या टाक्या खोदून आतून गिलावा केला आणि पावसाचं पाणी साठवलं. आपल्या किल्ल्यांवरची टाकी बघितलेल्यांना हे लगेच कळतं. उश्मालच्या भिंतींवर पर्जन्यदेव चाकचे मुखवटे रांगेने आहेत, लांब वळलेल्या नाकाचे. काही नाकं तुटलीत, ती नाकं म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला एकेक वेगळा घडवलेला दगड. कोपऱ्यावर उभं राहून बाजूने बघा, दोन्ही भिंतींवरचे मुखवटे एका उभ्या ओळीत एकमेकांवर चढलेले दिसतात. पाण्याची इतकी वानवा असल्यावर माणूस देवाचं तोंड किती वेळा कोरेल!

---

मुक्ता_जर्सी

कातळकडा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. पालेन्के गेलं!!

आईचा प्रश्न : सेनोतेत उतरावं लागतं का? तिला पोहता येत नाही पण पाण्यात पाय सोडून बसायचं आहे.

---

पायपीट

काही सेनोते अगदी विहिरीसारखे, ओल्या लाकडी शिडीने उतरायचे. ते नको. वायादोलिदच्या भर गावात सेनोते सासी आहे, अर्धं छत शाबूत आहे, पायऱ्या बांधलेल्या आहेत, काठावर बसता येतं. लाइफ जॅकेट मिळतं. आत जायच्या आधी अंघोळ सक्तीची आणि अंगाला क्रीम लावलेलं चालत नाही, ते पाणी पुढे लोक पितात. चिचेन इत्साच्या आवारातला 'पवित्र सेनोते' फक्त बघायचा. त्यात मायांनी सोनं, जेड आणि माणसंही टाकली होती.

---

ऑस्टिनचा अभ्या

गाडी भाड्याने घ्या, चौघांना तेच सोयीचं. पण एक मुरलेली फसवणूक सांगतो. ऑनलाइन दिवसाचे पाच-सात डॉलर दाखवतात, काउंटरवर गेलं की दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा सक्तीचा विमा जोडून आकडा कितीतरी पट होतो. मी नाव घेत नाही, पण आमच्याशी हे झालंय आणि वर "तुमचं क्रेडिट कार्ड चालणार नाही" म्हणून आणखी एक विमा गळ्यात मारायला बघत होते. आधीच सर्व विम्यासह लेखी दर घ्या, गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

रस्ते छान, सरळसोट. गावात शिरताना 'तोपे' म्हणजे स्पीडब्रेकर, पाटी असेलच असं नाही. पेट्रोल पंपावर मीटर शून्यावर आहे ना ते उतरून बघा. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, रस्त्यात गुरं, सायकलवाले, दिवे नाहीत.

एटीएम "तुमच्या चलनात बदलून देऊ का" विचारेल, नाही म्हणा. बँकेचा दर बरा असतो.

मेरिदात पत्ते आकड्यांचे. सम क्रमांकाच्या गल्ल्या उत्तर-दक्षिण, विषम पूर्व-पश्चिम. 'साठ क्रमांक, एकसष्ट आणि त्रेसष्टच्या मधे' असा पत्ता असतो. अर्ध्या तासात सवय होते.

---

निशिगंधा_वाई

गाडीच कशाला? आता माया ट्रेन आहे ना? मेरिदाहून वायादोलिद, कान्कुन, पालेन्के सगळीकडे जाते म्हणे.

---

ऑस्टिनचा अभ्या

जाते. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, पुढच्या डिसेंबरात पूर्ण वर्तुळ झालं, १,५०० किलोमीटरच्या वर. डबे झकास आहेत. पण स्टेशनं गावांपासून लांब. मेरिदाचं स्टेशन शहराबाहेर तेयाला, तिथे जायला पुन्हा बस. उश्मालला तर रेल्वे नाहीच.

---

कातळकडा

आणि तुलुमच्या बाजूला त्या रेल्वेसाठी जंगल तोडलं, सेनोतेंच्या गुहांच्या छतातून लोखंडी खांब खाली ठोकलेत. मी बसणार नाही. ज्याचा त्याचा प्रश्न.

---

निशिगंधा_वाई

बसू नका, पण जिथे बस आणि गाडी परवडत नाही अशा गावांतल्या लोकांना ती स्वस्तात मिळतेय, त्यांना विचारा की. आपल्याकडेही कोकण रेल्वेच्या वेळी...

---

पायपीट

मंडळी, कोकण रेल्वेचा वेगळा धागा काढा, मुक्ताचं तिकीट राहील.

---

कैरीचं पन्हं

तारखांबद्दल. ऑक्टोबर संपता संपता जाताय तर ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर मेरिदातच राहा. 'हानाल पिशान' असतो, गेलेल्यांना जेवायला बोलावण्याचे दिवस. आपला पितृपंधरवडाच म्हणा, फक्त रडवा नाही. घराघरांत टेबल मांडतात, हिरवा क्रूस, झेंडू, मेणबत्त्या, गेलेल्याचा फोटो आणि त्याच्या आवडीचं सगळं. एका टेबलावर मी सिगारेटचं पाकीट आणि कोकची बाटली बघितली होती. केळीच्या पानात गुंडाळून जमिनीखालच्या भट्टीत भाजलेला मक्याचा मोठा घट्ट गोळा असतो, त्यात कोंबडी-डुक्कर असतं, आईंना फक्त वास. रस्त्यातून चेहरे कवटीसारखे रंगवलेल्या लोकांची मिरवणूक निघते.

पाऊस ओसरत आलेला असतो, एप्रिल-मेसारखं चाळीसचं ऊनही नाही. वादळाचा मोसम कागदोपत्री नोव्हेंबर अखेरपर्यंत आहे, त्यामुळे परतावा मिळेल अशीच हॉटेलं घ्या.

---

पणजीपल्याड

एक विनंती. बाबांच्या तोंडून "माया लोक नाहीसे झाले" असं निघालं तर हळूच अडवा. दक्षिणेकडची मोठी शहरं नवव्या शतकात ओस पडली हे खरं. माणसं कुठे गेली नाहीत. युकातानात आजही काही लाख लोक घरात माया भाषा बोलतात, ग्वाटेमालात तर तिच्या वीसेक भगिनीभाषा आहेत. तिकालजवळच्या सरोवरातलं शेवटचं स्वतंत्र माया राज्य स्पेनने जिंकलं ते १६९७ साली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर तेवीस वर्षांनी! १८४७ मध्ये युकातानच्या मायांनी जे बंड केलं ते विझायला १९०१ उजाडलं. मेरिदाच्या बाजारात पांढऱ्या झग्यावर रंगीत फुलं भरलेल्या बायका लिंबं-मिरच्यांचे ढीग लावून बसतात. त्यांचं आपसातलं बोलणं कान देऊन ऐका, मधेच घशात शब्द तुटल्यासारखा आवाज येतो. ती स्पॅनिश नव्हे.

---

ह्यूस्टनचे काका

बाबा पुढच्या वेळी तिकालला जातीलच, तेव्हासाठी : तिथल्या मंदिरांच्या दारांवरच्या कोरीव तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत. बाराशे-तेराशे वर्षं टिकल्या. चिकू मूळचा तिकडचाच, डहाणू-घोलवडला नंतर आला. त्याच्या चिकापासून च्युइंगम करायचे, आणि तो चीक काढायला जंगलात हिंडणाऱ्यांनी कितीतरी अवशेष शोधून दिले. मेरिदात नोव्हेंबरात चिकू दिसला नाही तर 'मामेय' शोधा, त्याचाच भाऊबंद, आतून केशरी.

---

मुक्ता_जर्सी

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला वकिलातीत तारीख मिळाली आहे, व्हिसा हातात पडेपर्यंत परतावा नसलेलं काही काढत नाही. आजचा आराखडा असा :

डॅलसमार्गे मेरिदा, ३० ऑक्टोबर. हानाल पिशानचे दिवस मेरिदातच, चौक, मोन्तेहोचं दार, संग्रहालय. मग गाडी घेऊन उश्माल, एक दिवस फक्त तेवढंच. इसामाल करत वायादोलिदला जायचं, तिथे तीन रात्री. चिचेन पहाटे. सेनोते सासीत आईचे पाय. शेवटी परत मेरिदा. कांपेचेची तटबंदी बाबांना हवी आहे (समुद्री चाच्यांमुळे बांधलेली, म्हणून 'हा आपला विषय'), पण जाऊन येऊन साडेतीनशे किलोमीटर होतात. एक दिवस मोकळा ठेवलाय, तिथे गेल्यावर गुडघ्यांना विचारून ठरवू.

राहिलेला प्रश्न : चिचेनची वेळ आठ म्हणता, पण माझा फोन कान्कुनची वेळ वेगळी दाखवतोय. घोळ काय आहे?

---

पायपीट

घोळ खरा आहे. कान्कुन ज्या राज्यात आहे ते युकातानपेक्षा एक तास पुढे असतं. तुम्ही मेरिदा-वायादोलिदला राहताय, चिचेनही युकातानातच, त्यामुळे तुम्हाला फरक पडत नाही. पण वायादोलिद सीमेच्या जवळ आहे, फोन कधी कधी तिकडचा टॉवर पकडतो. रात्री गजर लावताना हॉटेलच्या भिंतीवरचं घड्याळ बघून लावा.

आणि चिचेन, उश्माल दोन्हीकडे तिकिटं दोन असतात, एक राज्य सरकारचं, एक केंद्राचं. खिडक्याही दोन. चिचेनला परदेशी माणसाला दोन्ही मिळून सहाशे पेसोंच्या पुढे पडतात. एका खिडकीवर कार्ड चालतं म्हणून दुसरीवर चालेलच असं नाही, चौघांपुरते पेसो रोख जवळ ठेवा. आणि दोन्ही कागद आत शिरेपर्यंत टाकू नका, दारावरचा माणूस दोन्ही बघतो.